लाल दोऱ्याचे खेकडे

ढाक्याहून निघण्यापूर्वी डॉक्टर खंदकार यांनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला. खेकडे किती मेले, कितव्या दिवशी मेले, मेले तेव्हा त्यांची अवस्था काय होती, यांपैकी काहीही त्यांना जाणून घ्यायचे नव्हते. त्यांनी विचारले, "तुमच्या घाटावर भरती किती वाजता लागते?"

"रविवारी अकराला, सर."

"छान. मी साडेदहापर्यंत पोहोचतो."

प्रश्न शास्त्रीय वाटतो. प्रत्यक्षात तो बुटांचा प्रश्न होता. आमच्या घाटाच्या शेवटच्या पायरीपासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत चाळीस पावले चिखल आहे, गुडघ्याच्या वर जाणारा, आणि त्यात बूट घालून उतरलेला मनुष्य बुटांसकट परत आल्याचे उदाहरण नाही. त्यामुळे या खाडीच्या पाण्याचा नमुना घ्यायला आजवर जे जे विद्वान आले, ते सगळे भरतीलाच आले.

मी शैलेन गायेन. खुलन्याला मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. केले आणि सात वर्षांपासून शामनगरच्या दक्षिणेला, बांधाच्या आत, मोतालेब सरदारांच्या खेकडाशेतीवर आहे. पत्र्याच्या ज्या खोलीत मी बसतो तिला प्रयोगशाळा म्हणतात, कारण तिच्यात एक सूक्ष्मदर्शक आहे. शेतीवर तीन तळी आहेत आणि त्यांवर प्लास्टिकच्या बारा हजार तरंगत्या पेट्या. एका पेटीत एक खेकडा, कोवळा, हाताच्या तळव्यात मावेल एवढा. पेटीत टाकण्यापूर्वी आम्ही त्याचे दोन्ही डेंगे आणि चार पाय मोडतो. गेलेले अवयव परत आणायचे तर खेकड्याला कात टाकावी लागते, म्हणून तो घाई करतो. या घाईवर आमचा धंदा चालतो. कात टाकल्यावर तो जेमतेम तीन तास मऊ राहतो. तेवढ्यात उचलून गोड्या पाण्यात टाकला तर तो मऊच राहतो, परदेशी जातो आणि तिथले लोक त्याला सालीसकट खातात. तीन तास उलटले तर तो आपली टाकलेली कात स्वतःच खातो, कडक होतो आणि मग त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून दर तीन तासांनी बारा बायका लाकडी फळ्यांवरून चालत प्रत्येक पेटीत डोकावतात. त्यांतली सर्वांत जुनी आमिरन बीबी, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. नऊ वर्षे ती हेच काम करत आली आहे. वय तिलाही ठाऊक नाही. विचारले की ती मोठ्या वादळाच्या आधीचे आणि नंतरचे असे दोनच भाग सांगते.

माघापासून खेकडे कात टाकेनासे झाले. पंचवीस दिवसांत शंभरांतल्या ऐंशींनी कात टाकायची, तिथे चाळीसही टाकत नव्हते. काही नुसतेच बसून राहत. काही अर्धे कवचाबाहेर येत आणि तिथेच मरत, शर्ट काढताना डोक्यात अडकलेल्या माणसासारखे. सरदारांनी यावर तीन दिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला की बायका झोपतात.

"खेकडा कात टाकतो," ते मला म्हणाले, "ह्या झोपलेल्या असतात. तो कात खातो, कडक होतो, पुरावा खलास. तू शिकलेला, तुला एवढं कळू नये?"

मी म्हटले, "सरदारसाहेब, कात टाकलेला खेकडा मोठा होतो. त्याला नवे पाय येतात. हे सगळे तेवढेच आहेत आणि लंगडेच आहेत."

"पुस्तकातलं नको सांगू, गायेन."

मी पुस्तकातले सांगायचे थांबवले. हे वाक्य मी सहज लिहिले असले तरी ते सहज लिहिण्यासारखे नाही. मला उत्तर ठाऊक होते, मी ते एकदा उच्चारले, मालकाच्या कपाळावर आठी पडली आणि मी गप्प बसलो. पुढच्या काही महिन्यांत जे काही झाले त्यात इतरांच्या मूर्खपणाबद्दल मी बरेच लिहिणार आहे. माझ्या वाट्याचा हिशेब इथे नोंदवून ठेवतो.

सरदारांनी ढाक्याहून सल्लागार बोलावला. पाण्यात दोष निघाला तर पुढचे पुढे पाहू. पाणी स्वच्छ निघाले तर नव्या महिन्यापासून बाराही बायका घरी, असे त्यांनी चहाच्या टपरीवर उभे राहून जाहीर केले, म्हणजे ते बायकांपर्यंत पोहोचावे. पोहोचले. आमिरन खाला दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मास्टर, पाणी घाण निघेल का हो?"

"ते मी कसं सांगू?"

"मग तुमचं ते एका डोळ्याचं यंत्र कशाला? त्यात पाहून भविष्य नाही दिसत होय?"

"खाला, त्याला सूक्ष्मदर्शक म्हणतात."

"तेच ते. बारीकसारीक दिसतं म्हणे त्यात. आम्ही बाराजणी दिसतो का बघा जरा."

आता दोऱ्यांविषयी. फाल्गुनात एका सकाळी मला दिसले की दुसऱ्या तळ्यावरच्या कित्येक पेट्यांच्या झाकणांना दोरे बांधले आहेत. काहींना लाल, काहींना हिरवे. साडीच्या काठातून उसवलेले, दोन गाठी मारलेले. आमच्या भागात दोरा दिसला की त्याचा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही. मूल होत नसेल तर पिराच्या माजारच्या जाळीला दोरा, जंगलात खेकडे धरायला जायचे तर वनदेवी बनबीबीच्या थानावर दोरा, गाय आटली तर शिंगाला दोरा. खेकडे कात टाकत नाहीत, म्हणून पेट्यांना दोरा. मला संताप आला. या विषयावर मला संताप लवकर येतो आणि तो मला फार शुद्ध वाटतो.

मी बायकांना ओळीत उभे केले. "ही प्रयोगशाळा आहे," मी म्हणालो, "माजार नव्हे. खेकड्याला पीर कळत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे दोरे कापून टाका."

आमिरन खाला म्हणाली, "बरं मास्टर." त्या दोन शब्दांत काय होते हे मला तेव्हा ऐकू आले नाही. संध्याकाळपर्यंत दोरे नाहीसे झाले. पलीकडच्या टोकाच्या दोन रांगा मी तपासल्या नाहीत, कारण तिकडची फळी कुजलेली आहे आणि माझ्याही पायांत बूट असतात.

रविवारी डॉक्टर खंदकार साडेदहाला आले. त्यांच्या अंगावर अनेक खिशांचे जाकीट होते, जसे वाघाचे फोटो काढणारे घालतात. खाडी काठोकाठ भरली होती. घाटाच्या कोरड्या पायरीवर उकिडवे बसून त्यांनी दोरीने बाटली सोडली, भरली, बूच लावले, वर तारीख लिहिली. मग एक यंत्र पाण्यात बुडवून मीठ, आम्लता आणि प्राणवायू पाहिला आणि तिन्ही आकडे मोठ्याने वाचले, जणू निवडणुकीचा निकाल. सगळा विधी बारा मिनिटांत उरकला. नंतर सरदारांच्या बैठकीत सातक्षिरेची संदेश मिठाई आणि चहा, याला एक तास दहा मिनिटे लागली.

"प्रथमदर्शनी पाणी उत्कृष्ट आहे," ते संदेशाचा दुसरा तुकडा उचलत म्हणाले. "जड धातूंचा अहवाल आठवड्यात येईल. पण मला अनुभवावरून वाटतं, प्रश्न मानवी आहे."

"म्हणजे बायका," सरदार म्हणाले.

"मानवी घटक," डॉक्टरांनी शब्द शुद्ध केला. "आमची संस्था पेट्यांवर कॅमेरे बसवून देते. कॅमेरा झोपत नाही."

बैठकीत इकरामही होता. इकराम म्हणजे सरदारांचा जावई. खाडीच्या वरच्या वळणावर, बांधाला लागून, त्याची भट्टी आहे. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांच्या निकामी बॅटऱ्या तिथे कुऱ्हाडीने फोडतात, त्यांतले आम्ल उतारावरून सोडून देतात आणि शिसे वितळवून त्याच्या विटा पाडतात. अशी एक वीट सरदारांच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते. गेली चार वर्षे मी ती पाहत होतो. डॉक्टरांनी आपली पावती तिच्याखाली सरकवली.

मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेत मुरमुरे खात असताना आमिरन खाला आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक पेटी होती.

"मास्टर, हे दोन बघा. एकाच दिवशी पेटीत टाकले. एकच पाणी, एकच मासा चारला, चारणारीही मीच. आता ह्याच्या मोडलेल्या पायाजवळ बघा."

पहिल्या खेकड्याच्या मोडक्या सांध्यापाशी नवा पाय उगवत होता. पातळ पिशवीत घडी घालून ठेवलेला, फिकट गुलाबी, मटारच्या शेंगेएवढा. दुसऱ्याच्या सांध्यापाशी काळी खपली होती. बोट फिरवले तर काही लागत नव्हते. तेवीस दिवस झाले होते.

पहिल्या पेटीच्या झाकणाला हिरवा दोरा होता, दुसरीच्या लाल.

"दोरे कापायला सांगितले होते मी," मी म्हणालो. मनुष्य अशा वेळी काय बोलतो याची ही नोंद.

"कापले की. दहा रांगांतले कापले. माझ्या दोन ठेवल्या."

"का?"

"शिवी कुणाला द्यायची ते कळायला नको?"

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि एखाद्या मंद विद्यार्थ्याला सांगावे तसे तिने सांगितले. सकाळी खेकडे धरणारे दोन्हीकडून येतात. काही आपल्याच खाडीच्या चिखलातून धरतात, भट्टीच्या वळणापासून घाटापर्यंत. काही नदी ओलांडून जंगलाकडच्या नाल्यांतून. सरदारांचा मुनीम सगळा माल एका टोपल्यात ओततो. पूर्वी ते चालून जायचे. मग खेकडे मरू लागले आणि मेलेल्या खेकड्यासाठी शिव्या बायकांनाच बसू लागल्या. म्हणून माल टोपल्यात पडण्यापूर्वीच ती आपल्या वाट्याचे खेकडे धरणाऱ्यांकडून उचलून आणी आणि खाडीच्या खेकड्याच्या पेटीला लाल, जंगलाच्या पेटीला हिरवा दोरा बांधी. बाकीच्या बायकांनी तिचे पाहून केले.

"मेला की मी त्या धरणाऱ्याच्या सात पिढ्या काढते," ती म्हणाली. "उगाच भलत्याच्या का काढू? अल्लाला जाब द्यायचा आहे."

"आणि तू मला हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भाषण करत होता ना! पीरबाबाला खेकडा कळत नाही, का खेकड्याला पीरबाबा, असं काहीतरी. छान बोलता तुम्ही. मध्ये कसं बोलायचं?"

माझ्याकडे बारा हजार पेट्यांची वही होती. कोणती पेटी कोणत्या तारखेला भरली, कात कधी पडली, सगळे होते. खेकडा कुठल्या चिखलातून आला, याचा रकाना मी आखलाच नव्हता. माझ्या दृष्टीने खेकडा टोपल्यातून येत असे. ज्या एका गोष्टीवरून बाकीच्या सगळ्यांचा उलगडा झाला असता, ती एका निरक्षर बाईने साडीचा काठ उसवून नोंदली होती, आणि सहा भागांतले पाच भाग मी अंधश्रद्धा म्हणून कात्रीने कापायला लावले होते.

कुजक्या फळीवरून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात वही घेऊन, मी तिच्या दोन रांगांपर्यंत गेलो. पेट्या एकशे ऐंशी. हिरव्या चौऱ्याऐंशी: एकोणसत्तरांनी कात टाकली, तीन अडकून मेले, बारा अजून बसून. लाल शहाण्णव: सतरांनी कात टाकली, एकोणतीस अडकून मेले, पन्नास बसून. त्या पन्नासांपैकी सेहेचाळीसांच्या सांध्यांवर नुसती खपली. मी प्रत्येकाला उलटे करून पाहिले. दोघांनी मला चावण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना डेंगे नव्हते.

मग मी माझ्या पाण्याच्या नमुन्यांची वही काढली. तीन वर्षांत एक्केचाळीस नमुने, सगळे निर्दोष, सगळे भरतीचे. तळ्याचा दरवाजा भरतीला उघडतात, मी तिथे उभा असतो, बाटली भरतो. भरतीचे पाणी समुद्राचे. पाहुण्यासारखे येते आणि जेवून जाते. शिसे पाण्यात फार वेळ थांबत नाही, ते गाळाला धरून तळाशी बसते, हे मला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आले होते आणि त्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. कोवळा खेकडा पाण्यात राहत नाही. तो चिखलात राहतो, चिखल खातो, आणि वाढीच्या दिवसांत जे खातो त्याचेच कवच बांधतो. आमच्या पेटीत येईपर्यंत त्याचे जे व्हायचे ते झालेले असते.

पुढच्या रविवारी डॉक्टर खंदकार अहवाल घेऊन त्याच वेळी आले. चंद्र मात्र ढाक्याच्या कचेरीच्या वेळेने चालत नाही. सात दिवसांत भरतीची वेळ सहा तास पुढे सरकली होती आणि साडेदहाला खाडीत पूर्ण ओहोटी होती. घाटाखाली चाळीस पावले चिखल उघडा पडला होता, काळसर, आणि भट्टीच्या बाजूला त्यावर एक करडा तवंग.

सरदारांनी आमिरन खालाला निकाल ऐकायला बोलावले होते. ती दाराशी उभी होती. इकराम संदेश खात होता. डॉक्टरांनी वाचून दाखवले: शिसे, कॅडमियम, जस्त, सर्व मर्यादेच्या आत, पाणी खेकड्यांच्या वाढीस योग्य, देखरेखीत सुधारणा आवश्यक, कॅमेऱ्यांचा आराखडा सोबत जोडला आहे.

"ऐकलंस?" सरदार दाराकडे पाहून म्हणाले.

"ऐकलं," खाला म्हणाली. "पाणी बिचारं निर्दोष सुटलं."

मी माझा कागद मेजावर ठेवला. दोन ओळी, चार रकाने. दोरे कशाचे, ते सांगितले. डॉक्टरांनी कागद दोन बोटांनी उचलला.

"हा प्रयोग नाही," ते म्हणाले. "ज्या बाईनं दोरे लावले तिला रंग माहीत होते. चिठ्ठ्या टाकून निवड केलेली नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

दोन्ही भेटींत मिळून ते बोललेले हे एकमेव अचूक वाक्य होते आणि ते त्यांनी चुकीच्या बाजूने वापरले.

"बरोबर," मी म्हणालो. "कारण सिद्ध होत नाही. पण सरदारसाहेब, आपला प्रश्न वेगळा आहे. लाल आणि हिरव्या पेट्या एकाच रांगेत, एकमेकींना खेटून आहेत. त्यांत एकच बाई डोकावते. ती झोपत असेल तर दोन्ही रंगांचे खेकडे सारखेच चुकायला हवेत. तिची झोप लाल दोरा पाहून लागते का?"

इकरामने बोटे चाटली.

"लाल म्हणजे कुठला माल?" सरदारांनी विचारले. त्यांना समजले होते. त्यांना ते माझ्या तोंडून हवे होते.

"आपल्या खाडीचा. भट्टीपासून घाटापर्यंत."

"हे बघा," इकराम म्हणाला, "माझ्या भट्टीचा धूर वर जातो. खेकडे खाली राहतात. त्यांची गाठ कुठं पडते?"

"आणि ॲसिड, जावईबापू?" दारातून खाला म्हणाली. "तेही वर जातं? पंख फुटतात त्याला?"

"तुला कोणी विचारलं?"

"नाही हो. नऊ वर्षांत कोणी नाही विचारलं."

मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, आत्ता ओहोटी आहे. चिखलाचा नमुना घ्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही. भट्टीचा उतार खाडीला मिळतो तिथे एक, नदीपलीकडे एक. मी बाटल्या आणतो."

डॉक्टर खंदकार यांनी खिडकीतून चिखलाकडे पाहिले, मग खाली पाहिले. बूट तपकिरी होते, नाडीचे, नवे. "चिखलाची तपासणी आपल्या करारात नाही," ते म्हणाले.

खाला दारातून नाहीशी झाली होती. ती कुठे गेली हे आम्हांला खिडकीतून दिसले: साडी गुडघ्यांच्या वर खोचून ती घाटावरून उतरली आणि बगळ्यासारखी, घाई न करता, पाऊल सरळ वर उचलत भट्टीच्या उताराकडे चालू लागली. डॉक्टरांनी मध्यंतरात मृदू कवचाच्या खेकड्यांच्या जागतिक बाजारपेठेबद्दल माहिती दिली. ती कोणी मागितली नव्हती.

वीस मिनिटांनी खाला परत आली. कमरेपर्यंत चिखल, हातात ॲल्युमिनियमची परात. तिने ती मेजावर, संदेशाच्या बशीशेजारी ठेवली. परातीत करडा चिखल आणि सहा खेकडे होते, आणखी लहान, सुपारीएवढे ते लिंबाएवढे. आपापसांत भांडून किंवा पक्ष्यांच्या चोचीतून सुटून ज्यांचे पाय गेले होते, त्यांच्या सांध्यांवर काळ्या खपल्या होत्या. हे आम्ही मोडलेले नव्हते. मग पदराखालून तिने हिरव्या दोऱ्याची पेटी काढली आणि तीही ठेवली.

"हात लावून बघा, सरदार," ती म्हणाली. "डोळ्यांनी नका बघू. तुमचा अंगठा अजून शाबूत आहे ना?"

मोतालेब सरदार मालक होण्यापूर्वी बावीस वर्षे चिखलात हात घालून खेकडे धरत होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजूनही पेरे नाहीत. त्यांनी परातीतला एक खेकडा उचलला, उलटा केला आणि मोडक्या सांध्यावर अंगठा दाबला. मग दुसरा. सहाही झाले. शेवटी हिरव्या पेटीतला उचलून त्याच्या सांध्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या खोलीत तेव्हा एकच तपासणी झाली आणि ती यंत्राशिवाय झाली. त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण असे काही आले की मला वाटले, हा मनुष्य आता उठेल, बांधावरून चालत जाईल आणि ती भट्टी विझवील.

ते उठले. हात धुतले.

"उद्यापासून खाडीचा माल घ्यायचा नाही," ते मला म्हणाले. "मुनिमाला सांग. फक्त जंगलाकडचा."

"आणि बायका?"

"राहतील. तुला काय वाटलं, मी माणसं खातो?" मग खालाकडे वळून: "आणि तू, माझ्या बैठकीत चिखल आणतेस?"

"चिखल तुमचाच आहे, सरदार. मी नुसता उचलून आणला."

"आणि भट्टी?" मी विचारले.

"भट्टीचा इथे काय संबंध?" सरदार म्हणाले. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल उचलला, नीट घडी घातली आणि शिशाच्या विटेखाली ठेवला.

डॉक्टर खंदकार यांनी जागच्या जागी शिफारशींत एक कलम वाढवले: "बीजाच्या स्रोताची निवड काळजीपूर्वक करावी." पेन झाकताना ते मला म्हणाले की तरुणांनी क्षेत्रीय निरीक्षणे अशीच करत राहिले पाहिजे. कॅमेऱ्यांचे कलम त्यांनी तसेच ठेवले. भरती लागेपर्यंत ते थांबले नाहीत, कारण या वेळी त्यांना पाण्याजवळ जायचे नव्हते.

परातीतला चिखल मी दोन बाटल्यांत भरला. नदीपलीकडचा चिखल आणायला दुसऱ्या दिवशी मी स्वतः उतरलो. बूट काठावर ठेवले. परत आलो तेव्हा ते तिथे नव्हते. खुलन्यातल्या एका मित्राने बाटल्या तपासून घेतल्या आणि वैशाखाच्या अखेरीस आकडे आले. खाडीच्या चिखलात शिसे नदीपलीकडच्या बावीसपट होते. मी तो कागद सरदारांना दिला. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि विटेखाली ठेवला. वीट जड आहे. तिच्याखालचे कागद कधी उडाले नाहीत.

खाडीच्या काठचे खेकडे धरणारे काही दिवस घाटावर आले, टोपल्या तशाच घेऊन परतले, आणि मग येईनासे झाले. खाडीत आता कोणी उतरत नाही हे इकरामच्या लवकर लक्षात आले, आणि नवल म्हणजे त्याला ते आवडले नाही. जिथे माणसांचा वावर नाही तिथे प्रश्न विचारणाऱ्यांना बरोबर संशय येतो, असे त्याचे म्हणणे. शिवाय त्याला मोठी जागा हवी होती. आषाढात त्याने भट्टी हलवली. नदीपलीकडे, जंगलाच्या अलीकडच्या नाल्याच्या तोंडाशी, त्याला स्वस्तात जमीन मिळाली. सरदारांनी या निमित्ताने सर्वांना संदेश वाटले आणि मला बोलावून सांगितले, "बघ, तुझं ऐकलं की नाही? खाडीतून हलवली."

मी तोंड उघडले. या वेळी आठी पडली तरी मी बोललो; सगळे बोललो, नाला कुठला, त्यातून माल कोणता येतो, किती महिन्यांत काय होईल. सरदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "जावई आहे रे," आणि संदेशाची बशी माझ्याकडे सरकवली.

भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात आमिरन खाला प्रयोगशाळेत आली. हातात पेटी, झाकणाला हिरवा दोरा. आत खेकडा अर्धा कवचाबाहेर, मेलेला. शेजारच्या पेटीतला जिवंत होता. त्याच्या सांध्यावर मी अंगठा ठेवला. नुसती खपली.

"अजून थोडेच आहेत," ती म्हणाली. "पण सुरू झालं. दक्षिणेच्या नाल्यांतून दोघे-तिघे येतात माल घेऊन, दोन भरत्या लांबून. त्यांचा वेगळा ठेवते. फक्त मास्टर, माझ्याकडे लाल आणि हिरव्याच काठाची साडी आहे. पिवळं काही मिळेल का?"

दुपारी मी बाजारात गेलो. दोऱ्याच्या दुकानात गर्दी नव्हती. मी पिवळी रिळे मागितली आणि दुकानदाराने ती काढता काढता, या भागात जो प्रश्न स्वाभाविक आहे तो विचारला.

"कुठल्या माजारला, दादा?"

"पक्का रंग आहे ना?" मी विचारले. "खाऱ्या पाण्यात उतरता कामा नये."

"नाही उतरणार. नवस मोठा दिसतो."

"दोन द्या," मी म्हणालो.